गिअर अडला, बॉक्स नाही बिघडला!

इंजिन सुरू, एसी गार, रेडिओवर गाणं. फक्त गिअर पडत नाही. मागचे हॉर्नवर हॉर्न वाजवतायत, शेजारी बसलेला म्हणतो, ‘गिअरबॉक्स गेला वाटतं’, आणि डोळ्यांपुढे पाच आकडी बिल नाचायला लागतं. जरा थांबा. गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स बिघडला, असं मुळीच नाही. पुष्कळदा गुन्हेगार बाहेरच सापडतो. कधी तो पायाखाली असतो, कधी बॉनेटखाली, कधी गाडीच्या मागच्या लाल दिव्यात. एकदा तर त्याचा माग थेट समुद्रातल्या देवमाशापर्यंत गेला होता. म्हणून बॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी हे वाचाच.

चावी बंद करा, निम्मं निदान झालं

या तपासणीला एक पैसा लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, इंजिन बंद. आता क्लच पूर्ण दाबून एकेक गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर सगळे गिअर सरसर पडले आणि चालू इंजिनावर मात्र खरखर करून परत फिरले, तर बॉक्सला सोडा आणि क्लचला पकडा. क्लच दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ.

इंजिन बंद असतानाही लिव्हर अडत असेल, तर संशय पुढे सरकतो. लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबल किंवा दांड्या, त्यांचे बूश, टोकाची प्लास्टिकची क्लिप हे सगळं आधी बघायचं. क्लिप निसटली की लिव्हर ढिला, भलतीकडेच डुलायला लागतो. बॉक्स उघडायची वेळ येते ती हे सगळं ठीक निघालं तरच.

तिसरी तक्रार या दोन्हींहून वेगळी आहे: गिअर पडतो, पण गाडी हलत नाही. तिथे बहुधा क्लच प्लेट घासून संपलेली असते किंवा चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट निखळलेला असतो. मेकॅनिकला फोन करताना ‘गिअर पडत नाही’ की ‘गिअर पडतो पण गाडी जात नाही’, हे नेमकं सांगा. दोन्हींचं काम वेगळं आणि खर्चही वेगळा.

पायाने चार-पाच इंच, आत मिलिमीटरही नाही

क्लच पेडल चार-पाच इंच खाली जातं. तेवढ्या प्रवासाने आतली प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जी फट पडते ती मिलिमीटरहूनही कमी असते. एवढ्याशा फटीवर सगळा खेळ चालतो. म्हणजे पेडल अर्धा-पाऊण इंच जरी कमी खाली गेलं, तरी प्लेट पुरती सुटत नाही आणि गिअर अडतो.

आता पायाखाली बघा. कंपनीच्या मॅटवर हौसेने टाकलेली दुसरी जाड मॅट गोळा होऊन पेडलखाली अडकली आहे का? सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली? मॅट ओढून काढायला पाच सेकंद लागतात. बिघाड शोधताना पहिला हात तिथेच घातला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मॅट निर्दोष निघाली, तर क्लच केबलवर या. पेडल धप्पकन खाली गेलं आणि तिथेच पडून राहिलं, तर केबल तुटली किंवा सुटली. ती बॉक्सच्या बाहेरून जाते आणि बदलायला बॉक्स उतरवावा लागत नाही. चेतकवर शाळा-कॉलेज केलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. त्या स्कूटरचे गिअर डाव्या मुठीवर होते आणि मुठीपासून खालच्या गिअरपर्यंत तारा गेलेल्या. तार तुटली की मूठ नुसतीच गरगर फिरायची. बॉक्स ठणठणीत, स्कूटर मात्र रस्त्याच्या कडेला.

हायड्रॉलिक क्लच असेल तर तारेचं काम ब्रेक ऑइल करतं. पेडल पोकळ, मऊ लागतंय? पाच-सहा वेळा भरभर दाबा. त्यानंतर गिअर पडला, तर लाइनीत हवा शिरली आहे किंवा मास्टर नाहीतर स्लेव्ह सिलिंडर गळतोय. इथे एक फार शहाणपणाची रचना आहे. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतलं ऑइल वापरतात, पण क्लचची नळी डबीला वरच्या बाजूला जोडलेली असते. ऑइल कमी झालं तर आधी क्लच उपाशी राहतो, ब्रेकच्या वाट्याचं ऑइल खाली शिल्लक राहतं. म्हणजे गिअर अडणं हा कधीकधी ब्रेककडून आलेला इशारा असतो. डबीत पातळी कमी दिसली तर नुसतं ऑइल ओतून निघू नका. ते गेलं कुठे, ते आधी शोधा.

दाते आधीच एकमेकांत असतात

गिअर टाकला की आत दोन दातेरी चाकं एकमेकांत जाऊन बसतात, असं आपल्या मनातलं चित्र असतं. आजच्या गाडीत तसं होत नाही. पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरची चाकं कायमच एकमेकांत गुंतलेली असतात आणि फिरतच असतात. लिव्हर सरकवतो तो एक स्लीव्ह, म्हणजे कोणत्या चाकाला शाफ्टशी बांधायचं हे ठरवणारी कडी. ती काळजात धस्स करणारी खरखर येते ती या कडीच्या छोट्या दात्यांची. मोठ्या चाकांचे दाते सहसा शाबूत असतात.

पूर्वी मात्र खरोखरच चाकं सरकवून एकमेकांत घुसवायचे. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या एमिल लव्हासॉरने ही सरकत्या चाकांची पद्धत रूढ केली. आपल्याच यंत्राबद्दल ‘रानटी आहे, पण चालतं’ अशा अर्थाचे त्याचे उद्गार आजही सांगितले जातात. त्या काळी चालकाला क्लच दोनदा दाबून, मधे इंजिनाचा वेग जुळवून गिअर घालावा लागे. ही कसरत थांबवली अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याने. त्याचा सिंक्रोमेश १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला. कडी बसण्याआधी एक छोटं कडं घासून दोन्हींचा वेग सारखा करतं आणि मग कडी आवाज न करता बसते. याच थॉम्पसनने पुढे क्लच पेडलच काढून टाकणाऱ्या हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचंही नेतृत्व केलं. तो बॉक्स ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये दिला. मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो हाच. डाव्या पायावर या माणसाचे केवढे उपकार आहेत!

हे कडं पुष्कळदा पितळेचं असतं, म्हणून गिअर ऑइलला महत्त्व. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं समजून जीएल-५ ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं मागच्या डिफरन्शिअलसाठी उत्तम, पण काही मिश्रणं पितळेला खातात आणि त्यांच्या निसरडेपणामुळे कडं नीट पकडतही नाही. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला. ऑइल बदलल्यापासून गिअर जड झाला असेल, तर डबा शोधून वाचा.

सिग्नलला उभं असताना पहिला गिअर नुसता टोचतो, आत जात नाही, हे तर निरोगी गाडीतही होतं. कडीचे दाते समोरच्या दात्यांच्या बरोबर टोकावर आलेले असतात. जोर लावू नका. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून परत दाबा, किंवा आधी दुसरा टाकून मग पहिला टाका. दाते जरासे फिरतात आणि वाट मिळते.

रिव्हर्सचे नखरे

रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रोमेश नसतो. गाडी किंचितही पुढे सरकत असली तर तो कुरकुरणारच. पूर्ण थांबा, क्लच दाबून तीनेक सेकंद जाऊ द्या, मग टाका. रिव्हर्समध्ये येणारा तो चढा ‘घूंऽऽ’ आवाजही बिघाडाचा नाही. बाकी चाकांचे दाते तिरके कापलेले असतात म्हणून ती गुपचूप चालतात. रिव्हर्सचे पुष्कळदा सरळ कापलेले असतात, म्हणून ते गातात.

नवी गाडी घेतल्यावर ‘रिव्हर्स पडतच नाही’ म्हणून घाबरण्याआधी लिव्हरची मूठ निरखा. कुठे मुठीखालचं कडं वर ओढायचं असतं, कुठे मूठ खाली दाबून डावीकडे न्यायची असते. धावत्या गाडीत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून कंपनीने घातलेलं ते कुलूप आहे.

आणि रिव्हर्सला कमी लेखू नका. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीला पुढे जायला दोनच गिअर होते. पेडल तीन, पण आजच्यासारखी नव्हेत: डावं पेडल वेगाचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. इंधन टाकीतून आपल्या वजनानेच इंजिनाकडे उतरायचं. मोठ्या चढावर नाक वर झालं की ते पोचायचं नाही. शिवाय रिव्हर्सचा गिअर पुढच्या लो गिअरहून ताकदवान होता. मग लोक गाडी वळवायचे आणि अख्खा चढ उलटा चढायचे!

नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने तर आणखी धमाल केली. १९५८ मध्ये तिने पट्ट्यावर चालणारा व्हॅरिओमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यात पायऱ्याच नव्हत्या, त्यामुळे गाडी जेवढ्या वेगाने पुढे जायची तेवढ्याच वेगाने मागेही जायची. डच लोकांनी पुढे उलट्या गाड्यांच्या शर्यतीही भरवल्या.

पद्मिनीचा दांडा

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमिअर पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, डाव्या बाजूला. पुढे तिघं दाटीवाटीने बसू शकायचे ते त्यामुळेच. पण दांड्यापासून बॉक्सपर्यंतचा प्रवास लांबचा. मधे सळ्या, सांधे, बूश. बूश झिजले की दोन गिअरच्या सळ्या एकमेकींना अडायच्या आणि लिव्हर जाम. स्टिअरिंगवर गिअर असलेल्या जुन्या गाड्यांचा हा ठरलेला आजार होता. त्यावरचा उपायही ठरलेला: बॉनेट उघडायचं, सळी हाताने जागेवर ढकलायची, बॉनेट आपटून बंद करायचं आणि पुढे निघायचं. निदान आणि दुरुस्ती दोन्ही भर रस्त्यात, आणि बॉक्सला हातही न लावता.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिच्याबरोबर रस्त्यातच गिअर सोडवणारे ते जाणते हातही दिसेनासे झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये अडकली? मागचा दिवा बघा

ऑटोमॅटिक गाडी सुरू होते, पण लिव्हर ‘पी’मधून निघत नाही. अशा वेळी कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि ब्रेक दाबा. लाल दिवे लागले का? नसतील, तर चोर जवळजवळ सापडलाच. ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून लिव्हर न सोडणारं कुलूप ज्या स्विचवर चालतं, तोच स्विच बहुतेक गाड्यांत ब्रेकलाइटही लावतो. स्विच किंवा फ्यूज गेला की दिवा विझतो आणि लिव्हर अडतो. फ्यूज चहाच्या किमतीत मिळतो आणि लोक ट्रान्समिशन गेलं म्हणून टोइंगची गाडी बोलावतात!

या कुलपामागे मोठा इतिहास आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते, असं दाखवलं. ऑडीची अमेरिकेतली विक्री १९८५ च्या सुमारे ७४ हजारांवरून १९९१ पर्यंत बारा हजारांच्या आसपास घसरली. १९८९ मध्ये सरकारी तपासाचा निष्कर्ष आला: चालकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. मधल्या काळात ऑडीने उपाय शोधला होताच. आधी ब्रेकवर पाय, मगच लिव्हर सुटणार. तोच उपाय पुढे जगभर पसरला आणि अमेरिकेत सप्टेंबर २०१० पासूनच्या ऑटोमॅटिक गाड्यांना सक्तीचा झाला.

अडलेला लिव्हर सोडवायची गुप्त वाटही पुष्कळ गाड्यांत असते. लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबा, झाकण काढून आतलं बटण चावीने दाबा, लिव्हर सुटतो. पण ब्रेकलाइट लागत नसतील तर थेट गॅरेज गाठा. मागच्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही.

उतारावर लावलेल्या गाडीत आणखी एक गंमत होते. हँडब्रेक न ओढता ‘पी’ टाकलं, तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या बोटभर लोखंडी खिट्टीवर येतो. निघताना ती ‘खाड्’ करून सुटते किंवा सुटतच नाही. क्रम असा हवा: ब्रेक दाबा, ‘एन’ टाका, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय सोडून गाडी टेकू द्या, मग ‘पी’. महाबळेश्वर-पाचगणीच्या चढउतारावर भाड्याची ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांनी तर हे पाठच करावं.

एएमटीचं प्रकरण निराळं. २०१४ मध्ये सेलेरिओमधून ती आपल्याकडे घरोघरी पोचली. तिच्या पोटात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट आहे. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तेवढा एक यांत्रिक हात बसवलाय. म्हणजे घाटात ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तिचीही प्लेट जळणारच.

देवमाशाचं तेल

ऑटोमॅटिकमधलं तेल वंगण तर असतंच, शिवाय दाब पोचवतं, थंडावा देतं आणि आतल्या क्लचची पकड किती घट्ट, किती हळुवार हेही सांभाळतं. ते कमी झालं की ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते, मग धक्का देऊन निघते किंवा निघतच नाही. ताजं तेल पुष्कळदा लालसर असतं. काळं पडलं, जळका वास आला, तर वेळ झाली.

तेलाचा हा मेळ पूर्वी कशाने साधत होते? स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाने! उष्णता आणि दाब सोसण्यात त्याला तोड नव्हती, म्हणून अमेरिकन गाड्यांच्या ट्रान्समिशन तेलात ते घातलं जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि तेल बंद झालं. रसायनशास्त्रज्ञांची धावपळ उडाली. बदली तेलाच्या सुरुवातीच्या एका मिश्रणाने तर गाड्यांच्या कूलरमधले धातूचे सांधेच कुरतडले आणि ते पुन्हा सुधारावं लागलं. देवमासे वाचले हे फारच चांगलं झालं. थोडी झळ गिअरबॉक्सना बसली, इतकंच.

शर्यतीतही तेच

२६ मार्च १९८९, ब्राझील. फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये प्रथमच स्टिअरिंगमागच्या पाकळीने गिअर बदलणारी गाडी उतरवली. सरावात ती इतकी बंद पडली होती की शर्यत पुरी होईल अशी आशा तिच्या गोटातही नव्हती. नायजेल मॅन्सेलने ती चक्क जिंकली! गिअर का अडत होते, हे पुढे उलगडलं. इंजिनाच्या थरथरीने अल्टरनेटरचा पट्टा निसटत होता, वीज पुरत नव्हती आणि विजेवर चालणारा गिअरबॉक्स गप्प बसत होता. इतका महागडा बॉक्स निर्दोष, आणि आरोपी एक पट्टा.

दोन वर्षांनी त्याच देशात आयर्टन सेन्ना आघाडीवर होता. एकेक करून गिअर गेले. शेवटच्या फेऱ्या त्याने फक्त सहाव्या गिअरवर काढल्या, मंद वळणंसुद्धा. जेमतेम तीन सेकंदांच्या फरकाने तो जिंकला. मायदेशातला त्याचा तो पहिला विजय, आणि हात इतके आखडले होते की त्याला गाडीतून आधार देऊन उतरवावं लागलं. १९९४ मध्ये बार्सिलोनात मायकल शूमाकर पाचव्या गिअरवर अडकला. तशातच तो पिटमध्ये थांबला, पाचव्यावरच गाडी उचलून निघाला आणि दुसरा आला. तुम्ही हे करून बघू नका. क्लच एका दमात जळेल.

चार महिने उभी गाडी

पावसाळाभर कोकणात झाकून ठेवलेली गाडी किंवा शेडमधला ट्रॅक्टर सुरू होतो, पण गिअर घेत नाही. दमट हवेत क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. ओळखायचं कसं? इंजिन बंद, हँडब्रेक खाली, गिअरमध्ये टाकून क्लच पूर्ण दाबा आणि कुणाला तरी गाडी ढकलायला सांगा. नाही हलली, तर प्लेट चिकटली. ट्रॅक्टरवाले म्हणूनच लांबच्या मुक्कामाला क्लच दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवतात.

उचलून नेताना

क्लचची केबल रेल्वे फाटकातच तुटली, तर मॅन्युअल गाडीला एक शेवटचा डाव उरतो. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका (बंद इंजिनावर तो पडतो) आणि चावी फिरवा. स्टार्टर मोटर गाडीला हिसके देत रुळांपलीकडे नेते. स्टार्टरला हे सोसत नाही, म्हणून फक्त जीव वाचवण्यापुरतंच.

ऑटोमॅटिकला तो डावही नाही आणि धक्का मारून ती सुरूही होत नाही. आतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर दाब नाही, आणि दाब नाही तर क्लच धरत नाहीत. त्याच कारणाने ती दोरीने लांब ओढत नेली की आतले भाग तेलाविना कोरडे घासतात. धडका बॉक्स खराब होतो तो असा, गॅरेजच्या वाटेवर. टोइंगवाल्याला फोन करतानाच गाडी ऑटोमॅटिक आहे हे सांगा आणि चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रकच मागवा.